देवीच्या वाटेवरचं चित्रांचं घर



औंधच्या यमाईला तुमच्यातल्या कितीजणी जाऊन आल्या आहेत? रेडिओवर वर केलेले हात दिसत नाहीत, पण सातारा आणि सांगलीकडच्या निम्म्या तरी बायांनी हात वर केला असेल. कुणाची ती कुलदेवी, कुणाचा नवस, कुणी जत्रेला, कुणी लग्नानंतर जोडीनं दर्शनाला गेलेली.

आता दुसरा प्रश्न. यमाईच्या टेकडीवर जाताना अर्ध्या वाटेवर एक संग्रहालय लागतं. श्री भवानी चित्रसंग्रहालय त्याचं नाव. त्याच्या आत कितीजणी गेल्या?

आता हात कमी झाले असणार. लाजू नका. आम्हीही तीन वेळा औंधला गेलो आणि तिन्ही वेळा ते संग्रहालय आमच्या हातून निसटलं. पहिल्यांदा दारावरूनच पुढं गेलो. आत जुन्या तलवारी असतील, शिकलेल्या माणसांचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून. दुसऱ्यांदा ठरवून गेलो तर वार निघाला सोमवार, आणि दाराला कुलूप. चूक आमचीच, निघण्याआधी चौकशी केली नव्हती. तिसऱ्यांदा आत गेलो, पंधरा मिनिटांत सगळी दालनं पालथी घातली आणि बाहेर आलो. गाडीत बसल्यावर एकीनं विचारलं, "काय बघितलं गं?" दुसरी म्हणाली, "लई चित्रं होती." त्यापुढं एकीलाही काही सांगता येईना.

चौथ्यांदा मात्र आम्ही वेगळ्या रीतीनं गेलो. थोडीच चित्रं बघितली, पण थांबून बघितली. ती अजून डोळ्यांपुढं आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्या मैत्रिणींनी हे चित्रांचं घर कसं बघावं, तेवढंच आज सांगायचं आहे.

हे घर बांधलं कुणी

औंध आज सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं एक गाव आहे. स्वातंत्र्याआधी ते एका लहान संस्थानाची राजधानी होतं. बहात्तर गावांचं संस्थान, आणि तेही सलग नाही, ठिकठिकाणी विखुरलेलं. सांगलीकडच्या मैत्रिणींनो, तुमचं कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानातच होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, तीही औंधचीच जमीन. ग. दि. माडगूळकर शिकायला औंधला होते.

या संस्थानाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा, गादीवर आले १९०९ साली. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून त्यांचं नाव जुन्या माणसांना आठवत असेल. १९३९ साली त्यांनी आपल्या हातातला कारभार लोकांच्या हाती देणारी राज्यघटना केली, आणि ती तयार करताना महात्मा गांधींचा सल्ला घेतला. पण आपल्या आजच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट अशी की हा राजा स्वतः चित्रकार होता. कुंचला हातात घेऊन बसायचा. चित्रं विकत घ्यायचा, चित्रकारांना काम द्यायचा. जमलेला हा ठेवा वाड्यातल्या कपाटांत न ठेवता १९३८ साली त्यांनी देवीच्या टेकडीवर त्यासाठी इमारत उभी केली.

जागा कुठली निवडली बघा. मुंबई नाही, पुणं नाही, वाड्याची मागची बाजूही नाही. यमाईला जाणाऱ्या वाटेवर. त्या वाटेनं जातं कोण? शेतकरी, मेंढपाळ, लेकुरवाळ्या बाया, म्हाताऱ्या. म्हणजे चित्रं ठेवली ती आपल्याच वाटेवर. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, तरी संग्रहालय गावातच राहिलं. आज ते राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. आपल्या आजे-पणज्यांनी जो शेतसारा भरला, त्यावर चाललेल्या संस्थानाचं हे धन आहे. तेव्हा "आपलं काय काम तिथं" हा विचार आधी मनातून काढून टाकायचा.

लांबच्या एका गावाची गोष्ट

चित्रं बघायची म्हणून जगभरातले लोक ज्या गावाला जातात, असं एक गाव इटली देशात आहे. फ्लॉरेन्स त्याचं नाव. नाव परकं वाटेल, पण आपल्याकडचा एक माणूस तिथं कायमचा राहिला आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. वय अवघं वीस. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये त्यांना मृत्यू आला. परक्या मुलखात आपल्या रीतीनं दहन कसं करायचं? गावानं खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर दहन झालं. आपण संगम पवित्र मानतो, तो तिथंही शोधला. पुढं १८७४ साली त्या जागी त्यांची छत्री उभी राहिली. ती आजही आहे, आणि जवळच्या पुलालाही लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

या फ्लॉरेन्सवर मेदिची नावाच्या घराण्याचं राज्य होतं. तीनशे वर्षांत त्या घराण्यानं अगणित चित्रं, पुतळे, दागिने जमवले. घराण्यात शेवटी उरली एक बाई, आन्ना मारिया लुईझा. तिला मूलबाळ नव्हतं, आणि राज्य दुसऱ्या घराण्याकडं चाललं होतं. नवे राज्यकर्ते सगळा ठेवा उचलून नेतील, हे तिला दिसत होतं. १७३७ साली तिनं लेखी करार करून घेतला. घराण्याच्या संग्रहातली कुठलीही वस्तू या गावाबाहेर जायची नाही. ती इथं लोकांच्या उपयोगाला राहायची. राज्य गेलं, पण चित्रं राहिली. १७६९ मध्ये त्यांतलं मोठं दालन सगळ्या लोकांना खुलं झालं. त्या दालनाला 'उफिझी' म्हणतात. उफिझी म्हणजे कचेऱ्या, कारण ती इमारत मुळात सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेली होती. एका बाईनं एक कागद नीट लिहून घेतला, म्हणून आज अडीचशेहून जास्त वर्षं लोक तिथं चित्रं बघतात. आपण बचत गटात ठराव लिहितो, अंगठे-सह्या घेतो, तेव्हा ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

चित्र कसं बघावं याचा धडाही आम्हाला फ्लॉरेन्सच्याच एका गोष्टीतून मिळाला. हेन्री मूर नावाचा एक इंग्रज मूर्तिकार होता. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा, आठ भावंडांतला सातवा. १९२५ साली तो शिष्यवृत्तीवर इटलीत गेला. फ्लॉरेन्समध्ये इतकं बघण्यासारखं आहे की नवखा माणूस गांगरून जातो. सकाळी एक देऊळ, दुपारी एक वाडा, आणि संध्याकाळी डोकं गरगरतं. मूरनं काय केलं? रोज सकाळी उठून तो आधी एकाच देवळात जायचा. तिथं भिंतींवर मासाच्चो नावाच्या चित्रकाराची सहाशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. त्यांत एक चित्र आदम आणि हव्वा यांना स्वर्गातून हाकलून दिल्याचं आहे. आदमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, आणि हव्वा तोंड वर करून आक्रोश करतेय. ती चित्रं बघून झाली की मगच मूर बाकीच्या कामाला लागायचा.

म्हणजे शिकलेला, हुशार मूर्तिकारसुद्धा एकाच भिंतीपुढं रोज उभा राहत होता. एका वेळी सगळं डोळ्यांत मावत नाही, हे त्याला कळलं होतं. आपण मात्र औंधला पंधरा मिनिटांत सगळं उरकलं!

या हेन्री मूरचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा. पुढं त्याच्याशी पुन्हा भेट होणार आहे.

निघायच्या आधी

घरी सांगताना "देवीला जाऊन येतो" म्हटलं की कुणी अडवत नाही. "चित्रं बघायला जातो" म्हटलं की भुवया वर जातात. आम्ही पहिल्यांदा देवीचंच सांगितलं. खोटं नव्हतं ते, देवीलाही गेलोच. पण चौथ्या वेळी दोन्ही सांगितलं. सासूबाईंना तर बरोबरच घेतलं. एकदा मोकळेपणानं सांगून बघा, पुढच्या वेळी सोपं जातं.

वार बघा. सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी औंधमधल्या कुणाला तरी फोन करून उघडं आहे का, किती वाजेपर्यंत आहे, हे विचारून घ्या. पौष महिन्यात यमाईची मोठी यात्रा असते. त्या गर्दीत चित्रं बघणं होत नाही. यात्रा यात्रेसाठी ठेवा, आणि चित्रांसाठी साधा दिवस निवडा. सुगी संपली की थंडीतला एखादा दिवस चांगला.

औंध साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, वाटेत रहिमतपूर लागतं. सांगली-मिरजेकडच्या मैत्रिणींना पुणे-मिरज रेल्वेनं रहिमतपूर स्टेशनला उतरता येतं. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तेवढं बघून घ्यावं. कराडकडून पुसेसावळीमार्गेही रस्ता आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गटात महिन्याला पन्नास-पन्नास रुपये बाजूला टाकले तर वर्षाला एकीचे सहाशे होतात. प्रवास, चहापाणी आणि प्रवेशाचं तिकीट त्यात बसतं. भाकरी-चटणी घरची बांधून घ्या. पाण्याची बाटली, पायांत सोसणाऱ्या चपला, आणि लांबचं-जवळचं ज्याचा असेल तो चष्मा. आमच्या एका काकूंनी चष्मा घरी ठेवला आणि दिवसभर दुसरीच्या डोळ्यांनी चित्रं बघितली.

दिवस असा लावा. सकाळी उन्हाच्या आत टेकडीवर जाऊन यमाईचं दर्शन घ्या. वर गाडी जाते आणि पायऱ्याही आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना गाडीनं न्या, संकोच नको. काळ्या पाषाणातली, मांडी घालून बसलेली देवी. दर्शन झालं की सावलीत बसून भाकरी खा. मग खाली येताना संग्रहालयात शिरा. उपाशीपोटी आणि दमलेल्या पायांनी चित्र बघता येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आत गेल्यावर

पहिला नियम: सगळं बघायचं नाही. दालनांतून एक फेरी मारा, न थांबता. त्या फेरीत जे चित्र तुम्हाला हाक मारील ते लक्षात ठेवा. प्रत्येकीनं आपलं एक निवडायचं. मग परत त्याच्याकडं जायचं आणि पाच मिनिटं तिथंच उभं राहायचं. पाच मिनिटं फार होतात, पहिल्या मिनिटालाच पाय पुढं ओढतात. थांबायचं. मनात तीन प्रश्न विचारायचे. यातलं माणूस आता काय करतंय? उजेड कुठल्या बाजूनं येतोय? आणि पुढच्या क्षणाला काय होणार आहे?

राजा रविवर्मा यांची अस्सल चित्रं इथं आहेत. हे नाव नवं वाटलं तरी माणूस तुमच्या घरातला आहे. रविवर्मा केरळचे, जन्म १८४८ चा. त्यांनी १८९४ साली मुंबईत दगडी छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप. त्या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती घरोघरी गेल्या. कमळात उभी राहिलेली, चार हातांची, मागं हत्ती असलेली लक्ष्मी आपण कॅलेंडरवर बघतो, तिचं मूळ रूप त्यांच्या हातचं. त्याआधी गरिबाच्या भिंतीवर देवाचं असं रंगीत चित्र येणं सोपं नव्हतं. आणि केरळचा हा चित्रकार आपल्या कितीतरी देवींना आणि पुराणातल्या बायांना नऊवारी नेसवतो! निऱ्या, काष्टा, पदर नीट बघा, यात आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

छापील कॅलेंडर आणि हातानं रंगवलेलं चित्र यांत फरक काय? तेलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात खलतात. हो, आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. शेंगदाण्याचं तेल उघड्यावर ठेवलं तर चिकटच राहतं. जवसाचं तेल हवेनं हळूहळू घट्ट होतं, पातळ कातडीसारखं. म्हणून त्यात एक थर वाळला की त्यावर दुसरा चढवता येतो. गालावरचा उजेड, रेशमाची चमक, सोन्याची झळाळी या थरांमधून येते. थोडं बाजूला होऊन तिरकं बघा, कुंचल्याचे फटकारे दिसतील. कॅलेंडरवर ते कधीच दिसणार नाहीत.

दमयंती, सैरंध्री, शकुंतला, सीता हे रविवर्म्यांचे आवडते विषय. या गोष्टी आपण कीर्तनात, पारायणात ऐकलेल्या असतात. आमच्या आत्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्या एका चित्रातल्या बाईपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिच्या मनात जायचं न्हाई. पण पाय उचलावाच लागणार."

"कशावरून आत्या?"

"मान बघ की. तोंड एकीकडं, अंग एकीकडं. बाई बळंच निघाली की अशीच दिसती."

मग एकीनं पाटी वाचली. आत्यांचं बरोबर होतं. आपल्याला चित्रातलं कळत नाही म्हणतो ना, ते असं खोटं आहे. बाईची मान कधी वाकते, हात कधी थबकतो, हे आपल्याला चित्रकाराइतकंच ठाऊक असतं.

म. वि. धुरंधर यांचीही चित्रं बघा. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथंच शिकवलं. बायांच्या वेशाचे, चालण्या-बसण्याच्या ढबीचे बारकावे टिपण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. त्यांच्या चित्रात गर्दी असली तर गर्दीतल्या प्रत्येक बाईचं लुगडं, केस, उभं राहणं वेगळं आहे का, ते तपासा.

मग आहेत पहाडी, राजस्थानी अशा जुन्या शैलींची लहान चित्रं. ही लांबून बघायची नसतात. ती हातात धरून बघण्यासाठी काढलेली. आता काचेमागं आहेत, म्हणून काचेजवळ जा. रंग दगडांचे, नीळ, काजळ, हिंगूळ. ते डिंकात कालवलेले. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, म्हणून रेघ इतकी बारीक. आपण गोधडीला टाके घालतो किंवा उंबऱ्यावर रांगोळीची रेघ ओढतो, तेव्हा हात स्थिर ठेवायला श्वास आवरतो ना? तसा आवरलेला श्वास त्या रेघांत आहे.

युरोपातल्या नामांकित चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या नकलाही इथं आहेत. पंतांचा विचार सरळ होता. औंधचं माणूस इटलीला जाऊ शकत नाही, तर इटलीतलं औंधला आणू. नक्कल म्हणून नाक मुरडू नका, मोठे चित्रकारही नकला करूनच शिकतात. यांतल्या काही कामांत अंगावर वस्त्र नसतं. त्याबद्दल आधीच सांगितलेलं बरं, कारण आम्ही पहिल्यांदा पदर तोंडाला लावून पळालो होतो. त्या मुलखातल्या जुन्या मूर्तिकारांची रीत अशी की माणसाचं अंग हाडामांसासकट जसं आहे तसं घडवायचं. आपल्याकडच्या लेण्यांतल्या आणि जुन्या देवळांवरच्या मूर्तीही कुठं अंगभर लुगड्यात असतात? बघवत नसेल तर पुढं जा. बघावंसं वाटलं तर बघा. दोन्हीत चूक काही नाही.

हेन्री मूरची आई

आता तो कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. त्याच्या हातची एक दगडी मूर्ती औंधला आहे. 'आई आणि मूल'. जगातल्या मोठमोठ्या शहरांत ज्याची कामं मानानं ठेवली आहेत, त्याची मूर्ती खटाव तालुक्यात आहे. कुठं ठेवली आहे ते आतल्या माणसाला विचारा.

बघून आधी हसू येईल. हुबेहूब आई नाही ती. नाकडोळे रेखीव नाहीत, आकार गोळीव, सोपे केलेले. आमच्यातली एक म्हणाली, "अर्धवट राहिलीय का?" राहिलेली नाही. मूरला चेहरा दाखवायचा नव्हता. मूल आईच्या अंगाला कसं बिलगतं, दोघांचं वजन एकमेकांवर कसं येतं, ते दाखवायचं होतं.

त्यानं स्वतः सांगून ठेवलेली एक आठवण आहे. त्याच्या आईची पाठ संधिवातानं दुखायची. लहानपणी तो तिच्या पाठीला तेल चोळून द्यायचा. ती पाठ, तिचा रुंदपणा, हाडांची जागा त्याच्या तळहातांत राहिली. पुढं म्हातारपणाकडं झुकल्यावर त्यानं बसलेल्या बाईची मूर्ती केली, तेव्हा ती पाठ हातातून आपोआप उतरली.

आम्ही हे ऐकल्यावर पुन्हा त्या मूर्तीपुढं उभ्या राहिलो. आमच्यातल्या निम्म्याजणींची पाठ भांगलणीनं, पाण्याच्या हंड्यांनी धरलेली आहे. आपल्या दुखऱ्या पाठीतूनही कुणाला काही शिकता येईल, हा विचार त्याआधी कधी आला नव्हता. मूर्तीच्या सगळ्या बाजूंनी फिरा. चित्राला एक बाजू असते, मूर्तीला सगळीकडून तोंड असतं.

हात का लावायचा नाही

देवळात आपण मूर्तीच्या पायाला हात लावून नमस्कार करतो. संग्रहालयात तो मोह आवरायचा. कारण धाक नाही, कारण घाम आहे. बोटांना मीठ आणि तेल असतं. एकीच्या बोटानं काही होत नाही, पण हजार जणींच्या बोटांनी रंग काळा पडतो आणि दगडाचा पोत जातो. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. परवानगी मिळाली तरी फ्लॅश नको, तेज उजेडानं जुने रंग फिके पडतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना कामाला लावा. "कुठल्या चित्रात पक्षी आहेत, मोजून ये." मग ती पळापळ करत नाहीत.

संग्रहालयातून निघाल्यावर गावात उतरा. गावातलं यमाईचं देऊळ चुकवू नका. तिथली दीपमाळ मान वाकडी करून बघावी लागते इतकी उंच. आणि मंडपातल्या भिंतींवर देवादिकांची चित्रं आहेत, ती खुद्द बाळासाहेब पंतांच्या हातची. टेकडीवर राजानं जमवलेली चित्रं बघितली, इथं राजाचा स्वतःचा हात बघायचा.

परतताना

दोन कामं करायची. पहिलं, संग्रहालयात अभिप्रायाची वही असेल तर ती मागून घ्या आणि त्यात गटाचं नाव, गावाचं नाव आणि एक वाक्य लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं, तिनं अंगठा द्यावा. जिथं कुणी जात नाही ती जागा हळूहळू विसरली जाते. दालनांना कुलूप लागतं, दिवा गेला तर बदलायची घाई कुणाला नसते. खेड्यापाड्यांतल्या बाया इथं येतात आणि बघतात, हे कागदावर उमटलं पाहिजे. फ्लॉरेन्सच्या त्या बाईनं लिहून घेतलं म्हणून राहिलं. आपणही लिहू.

दुसरं काम गाडीतलं. प्रत्येकीनं आपण निवडलेलं चित्र बाकीच्यांना सांगायचं. कोण होतं, काय करत होतं, रंग कुठला होता. आम्ही चौथ्यांदा परत येताना हे केलं. रहिमतपूर आलं तरी आत्यांचं सांगणं संपेना. दोन महिन्यांनी गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय चालू असताना एक सून गप्प बसली होती. आत्यांनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुझी मान त्या चित्रातल्या बाईवाणी का गं? कर्ज तुला हवंय का घरच्यांनी घ्यायला लावलंय?" सून रडायला लागली. खरं तेच होतं. कर्ज तेवढ्यापुरतं थांबलं, आणि मग गटानं तिच्या घरी जाऊन बोलणं केलं.

चित्र बघून पोट भरत नाही, असं आम्हाला घरी ऐकवलं होतं. खरं आहे. पण थांबून बघायची सवय लागली की माणसंही नीट दिसायला लागतात.

तर मैत्रिणींनो, या थंडीत औंधला जा. देवीला ओटी भरा, आणि उतरताना त्या दारातून आत शिरा. एकच चित्र बघा, पण पाच मिनिटं बघा. कुठलं बघितलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात तुमच्याच शब्दांत सांगू.

नमस्कार.